आधी डोळे मिटा, मग बातमी

नंदाताई,

तुला पोचवून घरी आलो त्या संध्याकाळपासून माणसं मला एकच गोष्ट विचारताहेत. त्या तर मेडिटेशन करायच्या ना, मग बीपी कसं काय? तुझ्या गुडगावच्या सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या दोघांनी विचारलं. पहाडगंजच्या शाळेतल्या तुझ्या वर्गमैत्रिणीनेही विचारलं, आणि तिने तर विचारताना माझा हात हातात घेतला होता. प्रत्येकाच्या आवाजात दुःखाखाली कुठेतरी एक चोरटं समाधान ऐकू येतं. जणू तू काही औषध वाटत होतीस आणि आता ते खोटं निघालं, म्हणजे आपण ते घेतलं नाही तेच बरं झालं. मला या माणसांची शिसारी आली आहे. त्यांनी प्यायलेल्या चहाचे कप विसळतानासुद्धा येते.

तू सोसायटीच्या गेटपाशी भाजीच्या ठेल्याजवळ खाली बसलीस आणि परत उठली नाहीस, एवढंच मी सगळ्यांना सांगते. हातात मेथीची जुडी होती. वॉचमनने मला फोन केला आणि मी आर. के. पुरमहून ऑटोने पोचेपर्यंत तुला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार. बरीच वर्षं. मी त्या वर्षांचा विचार करत बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर एक पोस्टर होतं, ताण टाळा, हसत राहा, आणि खाली हसऱ्या बाईचं चित्र. मला ते फाडावंसं वाटलं.

बाबा मात्र ऐकू न आल्यासारखं करतात.

आपल्याला बसायला शिकवलं ते बाबांनीच. सरकारी क्वार्टरची ती मधली खोली, लाल फरशी, आणि बाहेर कुणाच्या तरी स्कूटरला किक मारण्याचा आवाज. ऑफिसातून आले की बाबा हातपाय धुऊन भिंतीला पाठ न टेकता बसायचे, आणि चहा त्यानंतर. आई म्हणायची, चहा निवतोय. बाबा म्हणायचे, निवू दे, मी पण निवतोय. मी लहान होते, मला वाटायचं बाबा देवाशी बोलतात. तू मला समजावलंस की आपल्यात तसं काही नसतं, बाबा फक्त श्वास येताना आणि जाताना बघतात. मी म्हटलं, मग त्यात काय बघायचं? तू म्हणालीस, तेच तर मला पण कळत नाहीये यार.

त्यांच्या सेक्शनमध्ये त्यांचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला जायचा, हे आपल्याला फार उशिरा कळलं. वर्ध्याहून आलेला, शिकलेला, इंग्रजीत टिपणं लिहिणारा माणूस, आणि ग्लास खिडकीत एकटा. ज्या दिवशी नव्या अधिकाऱ्याने सगळ्यांदेखत त्यावर चेष्टा केली, त्या दिवशी बाबा घरी येऊन नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ बसले. उठले, चहा घेतला आणि मग अर्ज लिहायला घेतला. आईने विचारलं, आधी का नाही लिहिला, अंगात आग होती तेव्हाच? बाबा म्हणाले, “आगीत लिहिला की कागदात शिव्या उतरतात. मग साहेब लोक शिव्यांवर बोलतात, ग्लासावर बोलत नाहीत.” अर्ज गेला. बाबांचीच बदली झाली. पण त्या सेक्शनमधले ग्लास एक झाले.

हे मी तुला आठवण म्हणून सांगत नाहीये. हे तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं. मी हे स्वतःला सांगतेय, कारण ध्यान या शब्दाचा मला वीट आलाय आणि तो वीट बाबांपर्यंत जाऊ नये असं वाटतं.

तू ओखल्याच्या फॅक्टरीतली पर्सोनेलची नोकरी सोडून गुडगावच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये गेलीस, तेव्हा आपल्या ब्लॉकमध्ये पेढे वाटले होते आईने. फॉरेनच्या गिऱ्हाइकांचे फोन घेणारी कंपनी, आणि आपली नंदा तिथे एचआर मॅनेजर. मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेलीस तो दिवस लक्षात आहे. बाहेर रस्ता नव्हताच, नुसती धूळ, टँकर, आणि एका बाजूला मोहरीच्या शेतात उभी राहिलेली क्रेन. आत गेलं की एकदम थंडगार, खोट्या लिलीच्या फुलांचा गुच्छ आणि रूम फ्रेशनरचा तो गोड, घशात बसणारा वास. मागच्या बाजूला जनरेटरांची रांग घरघरत होती आणि त्यांचा धूर तिथेच उभं राहून जेवणाऱ्या पोरापोरींच्या डब्यात जात होता. वीस-बावीस वर्षांची मुलं, डोळ्यांखाली काळं. मी तुला विचारलं, ही सगळी आजारी आहेत का? तू म्हणालीस, नाही गं, शिफ्ट संपलीय.

त्यांचा ताण घालवण्यासाठी कंपनीने एक महाराज आणला. महाराज म्हणायचं ते मीच, कार्डावर त्याच्या वेगळंच काही होतं. पंचतारांकित हॉटेलचा हॉल, पांढरा रेशमी कुर्ता, कानापासून गालापर्यंत आलेला माइक. तू मला मुद्दाम बोलावलंस, म्हणालीस, ये, बघ तरी. तो हिंदी-इंग्रजीत सांगत होता की स्ट्रेस बाहेर नसतो, तो तुमच्या विचारात असतो, विचार बदला. मग त्याने सगळ्यांना हात वर करून हसायला लावलं. ती थकलेली मुलं हात वर करून हसली. पुढच्या रांगेत तुझे व्हीपी साहेब, भसीन, सगळ्यांत मोठ्याने हसत होते.  बाहेर बुफेत गुलाबजाम होते, त्यांच्याकडे बघवेना.

 परत येताना तू गाडीत म्हणालीस, हा माणूस खोटा आहे, पण श्वास खोटा नाही. मी शिकवेन, बाबांनी शिकवला तसा.

आणि तू शिकवलंस. रोज, शिफ्ट बदलायच्या वेळेला, स्टेशनरी ठेवायच्या खोलीत सतरंज्या घालून. मी एकदा मागे बसून ऐकलं होतं. तू त्यांना ताण म्हणजे काय ते समजावत होतीस आणि उदाहरण आपल्या आईचं दिलंस. आमच्या क्वार्टरच्या बाल्कनीत माकड यायचं, तू सांगत होतीस, आईच्या हातात काठी, छातीत धडधड, हातपाय ताठ, पोळी तव्यावर करपतेय पण तिचं लक्ष नाही. ते बरोबरच आहे, शरीर तिला वाचवायची तयारी करतंय. माकड गेलं की आई काठी ठेवायची, एक सुस्कारा टाकायची आणि नवी पोळी लाटायला घ्यायची. “इथे माकड जात नाही,” तू म्हणालीस, “ते शिफ्टभर टेबलावर बसून असतं आणि तुमचं शरीर शिफ्टभर काठी धरून उभं असतं. आपण रोज थोडा वेळ काठी खाली ठेवायला शिकू. पण माकड नाही असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही.” सगळी हसली. त्या हॉटेलातल्यासारखी नाही, खरी.

त्यात पूनम होती. रोहतकची मुलगी, फोन उचलायच्या आधी तिचे हात कापायचे. तिकडून कुणी शिव्या दिल्या की ती बाथरूममध्ये जाऊन उलटी करायची. तू तिला श्वास मोजायला नाही लावलास, नुसता बघायला लावलास. शरीरात कुठे आवळलंय ते शोध, त्याच्याशी भांडू नकोस, तिथेच थोडी थांब. दोन-तीन महिन्यांनी तिचे हात थांबले. तू मला सांगताना लहान पोरीसारखी खूष होतीस. खूष तर भसीनसाहेबही होते, कारण मुलं आजारी रजा कमी घेत होती. त्यांनी त्या खोलीला हिरवा रंग दिला, दारावर पाटी लावली, तुझा आवाज स्टुडिओत नेऊन रेकॉर्ड केला आणि त्याची सीडी सगळ्या मजल्यांवर वाजायला लागली.

तेव्हापासूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, तू त्यांचं तेल आहेस ताई, यंत्र कुरकुरू नये म्हणून घातलेलं. तू म्हणायचीस, पूनमचे हात थांबले की नाही? बिल्कुल थांबले होते.  आणि तुझं स्वतःचं डोकं दुखायचं, मानेची शीर उडायची, ती तू कुणाला दाखवली नाहीस. विचारलं की म्हणायचीस, बसते ना मी रोज.

मग तो दिवस आला. दुपारी दोन-अडीचला तू आमच्या घरी आलीस, ऑफिसच्या दिवशी. मी रजेवर होते. तू चपला काढल्यास, मोरीत गेलीस आणि हात धुवायला लागलीस. धूत राहिलीस. मी नळ बंद केला तेव्हा स्वयंपाकघरात खाली बसून सांगितलंस.

भसीनने तुला सकाळी केबिनमध्ये बोलावलं होतं. फॉरेनच्या कंपनीने काम काढून घेतलं होतं, अख्खा दुसरा मजला बंद होणार होता. मुलांना हॉलमध्ये जमवलं होतं, त्यांना काही माहीत नव्हतं. तो तुला म्हणाला, “नंदा, पहले दस मिनट तुम्हारा वाला करवा दो. सब शांत हो जाएँ, फिर मैं बता दूँगा.”

 मला वाटलं तू रडशील, पण तुझा चेहरा रडण्याचा नव्हता. सडका वास आल्यावर होतो तसा होता. म्हणालीस, “सुजा, मला माझ्याच आवाजाची किळस आली गं. त्याला माहीत होतं की माझा आवाज ऐकला की ती पोरं मान खाली टाकतात.”

तशीच तू हॉलमध्ये गेली होतीस. मुलं सवयीने ताठ बसली, काहींनी डोळे मिटलेही. तू माइक घेतलास आणि म्हणालीस, “आज आँखें बंद मत कीजिए. सर को आपसे कुछ कहना है. खुली आँखों से सुनिए, और जो पूछना है, पूछिए.”

भसीनला बोलावंच लागलं. ज्या बातमीला तो दहा मिनिटांची गादी अंथरणार होता, ती त्याने अडखळत, कागदाकडे बघत सांगितली.  मग पूनम उभी राहिली. तिने भसीनला काही विचारलं नाही, तुला विचारलं. “मैडम, आपको पता था?” तू म्हणालीस, “हाँ. अभी थोड़ी देर पहले से.” ती म्हणाली, “तो वो कमरा, वो सब, इसीलिए था?”

तू तिला काय उत्तर दिलंस ते मी विचारलं होतं. तू म्हणालीस, काही नाही दिलं.

पण बाकीच्यांनी प्रश्न विचारले, ताई. कुणीच उठेना. नोटीस किती दिवसांची, अनुभवाचा दाखला कधी, या महिन्यात घरी सोडायला गाड्या येणार का. भसीनला सगळं लिहून द्यावं लागलं, तेव्हाच मुलं हलली. तू पुढे प्रत्येकाचा दाखला हातात पडेपर्यंत तिथे राहिलीस आणि मग राजीनामा दिलास. बाबांना सांगितलंस तेव्हा ते इतकंच म्हणाले, बरं केलंस, जेवून जा.

नंतरची दोन वर्षं तू रविवारी विहारात बायकांना बसवायचीस, बाकीच्या दिवशी एका शाळेच्या ऑफिसात काम करायचीस. तू बरी दिसायचीस. पण वाढायचं ते आत आधीच वाढून गेलं होतं.

आता ऐक, परवा काय झालं. तुझ्या जुन्या ऑफिसात शोकसभा ठेवली होती. मी जाणार नव्हते. बाबा म्हणाले, कुणीतरी जायला हवं. तोच हॉल. स्टेजवर तुझा फोटो, ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्याला गुलाबांचा हार आणि खाली त्याच खोट्या लिली. भसीनने भाषण केलं. म्हणाला, नंदा आमच्या कंपनीची शांती होती, तिच्यासारखी स्ट्रेस-फ्री व्यक्ती मी पाहिली नाही. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. काही लाज कुठे दिसते का ते शोधत होते. नव्हती. त्या दिवसाची गोष्ट तो विसरला नव्हता, त्याला ती गोष्टच वाटली नव्हती.

मग म्हणाला, आता आपण तिला तिच्याच पद्धतीने श्रद्धांजली देऊ. आणि सीडी लावली.

तुझा आवाज आला, ताई. तुला जाळून आठवडा झाला नव्हता आणि तू त्या हॉलमध्ये हिंदीतून सांगत होतीस, आराम से बैठिए, कंधे ढीले छोड़ दीजिए. सगळ्यांनी डोळे मिटले. भसीननेही मिटले. मी उठले, स्टेजच्या कडेला टेबल होतं तिथे गेले आणि सीडी बंद केली. काढून पर्समध्ये टाकली. लोकांनी डोळे उघडले. भसीन धावत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “आप अपसेट हैं. बैठिए. लंबी साँस लीजिए.”

मी त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला, ओल्या फडक्यासारखा.   बाहेर आले तर रस्त्यावर मेट्रोचे नवे खांब उभे राहत होते, सगळीकडे सिमेंट उडत होतं, आणि मला ती धूळ त्या हॉलपेक्षा स्वच्छ वाटली.

ती सीडी घरी कपाटात आहे. मी ती फोडू शकत नाही, त्यात तू आहेस. वाजवूही शकत नाही, त्यात ते आहेत. हे त्यांनी तुझं केलं.

आपलं भांडण अर्धंच राहिलं. दिवाळीत शेवटचं भांडलो होतो. मी म्हणाले होते, तुला बसता आलं नसतं तर तू पहिल्याच वर्षी तिथून पळून आली असतीस. त्या श्वासाने तुला नको तिथे टिकवलं. तू करंजीची कड दुमडत होतीस. म्हणालीस, “आणि बसता आलं नसतं तर त्या दिवशी मी दहा मिनिटं करवून मोकळी झाले असते. हात थरथरत असताना कुणी साहेबाला नाही म्हणत नाही, सुजा.” तेवढ्यात शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि आपण हसून दार उघडलं. मला तुला अजून उत्तर द्यायचं होतं. अजूनही माझंच म्हणणं मला खरं वाटतं. आणि तुझंही. आता या दोन्हींचं मी एकटीने काय करू?

एक गोष्ट कधी बोलले नाही. आई सरकारी दवाखान्यात होती, शेवटच्या दिवसांत, आणि मला वॉर्डाच्या पायऱ्यांवर श्वासच घेता येईना. तू माझा तळहात माझ्याच पोटावर ठेवलास आणि म्हणालीस, काही करू नकोस, नुसती बघ, वर येतोय का, खाली जातोय का. शेजारून स्ट्रेचर जात होते. तू घाई केली नाहीस. मग मी वर जाऊन आईला पाणी पाजू शकले. त्याबद्दल तुला काहीच म्हटलं नाही मी. बहिणीला काय म्हणायचं?

काल आपल्या घरी तुझ्यासाठी पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी सूत्रपठण केलं, खीर केली होती. मागे दारापाशी एक बाई लहान मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. पूनम. लग्न होऊन नोएडाला असते आता. इकडून-तिकडून कळलं म्हणून दोन बस बदलून आली होती. तिने मला ध्यान आणि बीपीचं विचारलं नाही. बराच वेळ मुलाचे केस सारखे करत राहिली, मग म्हणाली, “माफ़ तो मैंने उन्हें नहीं किया था, दीदी. लेकिन बैठती रोज़ हूँ.”

मी तिला आत नेऊन जेवायला वाढलं. या सगळ्या दिवसांत ज्या माणसाला वाढताना मला किळस आली नाही अशी ती पहिलीच.

आज सकाळी बाबांनी मधल्या खोलीत सतरंजी घातली. मला म्हणाले, ये. मी त्यांच्या शेजारी बसले. डोळे मिटले तर भसीनचे ओठ दिसायचे, उघडले तर तुझा कोपरा रिकामा. बाबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, किळस येत असेल तर किळस बघ, ती पण येऊन जाईल. मी बघत बसले. ती गेली नाही.

आईचं सगळं आटोपून आले त्या दिवशीसुद्धा बाबा पूर्ण वेळ बसले होते. आज थोड्याच वेळात मला शेजारी हालचाल जाणवली. मी डोळे उघडले. बाबा भिंतीला धरून उठत होते. पाय नीट टेकत नव्हता, मी आधार दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“आज नाही होत गं,” ते म्हणाले, “चहा टाक.”